निरीक्षणाचा रकाना

१९७९ सालच्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर एक तक्रार सुरू झाली. "या दोघी कॉलेजातून आल्या की सडक्या अंड्यांचा वास येतो." डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, आत आम्ही आठ माणसे. वास लपवणार कुठे? आई आल्या आल्या कपडे बदलायला लावी आणि ते बाहेर दोरीवर टाकी. दोरी सगळ्यांच्या दारावरून गेलेली. मग वास सगळ्यांचाच झाला.

आमच्या शेजारच्या खोलीत एक काका राहत. गटारात उतरून गाळ काढण्याचे त्यांचे काम. एका संध्याकाळी ते दारात विडी ओढत बसले होते. आम्ही जवळून गेलो तसे नाक वर करून म्हणाले, "अगं पोरींनो, हा तर आमचा वास! तुमाला ह्यो कॉलेजात शिकवत्यात?"

आम्ही हसलो. सांगितले, की काका, हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू आहे. काचेच्या एका यंत्रातून आम्ही तो मुद्दाम तयार करतो आणि पाण्यात सोडतो. काका हसले नाहीत. म्हणाले, "वास येतोय तवर बरं असतंय. वास यायचा थांबला, की समजायचं गॅस लई झाला. तवा वर यायचं. टाईम मिळाला तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही हे प्रॅक्टिकलच्या सरांना विचारले. सरांनी कपाटातले जाडे पुस्तक काढून वाचले आणि म्हणाले, बरोबर आहे. हा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की वास ओळखणाऱ्या नसाच बधिर होतात. वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते आणि माणूस तिथेच पडतो. सरांना ते पुस्तकातून कळले, काकांना कशातून कळले असेल याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही. वय अठराचे होते. पुढे वर्तमानपत्रात मॅनहोलमधल्या मृत्यूची बातमी आली, की हटकून काकांचे ते वाक्य आठवू लागले. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे विनासाधन उतरवण्यावर बंदी आहे, तरी त्या बातम्या अजून येतात.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. दीड वर्षाचे अंतर, पण थोरलीचे एक वर्ष टायफॉइडमध्ये गेले, म्हणून एकाच वर्गात. दोघींत एक ॲप्रन. ज्या दिवशी दोघींचे प्रॅक्टिकल एकत्र येई, त्या दिवशी एकीने ॲप्रन घालायचा आणि दुसरीने ॲसिडला हात लावायचा नाही असा करार. करार मोडला गेलाच. धाकटीच्या एकुलत्या एका चांगल्या पोशाखाला गंधकाच्या तेजाबाने पाच भोके पडली. धुतल्यावर ती मोठी झाली. आईने त्यावर रंगीत दोऱ्याने फुले भरली. वर्गातल्या मुलींना ती फॅशन वाटली, आणि आम्ही त्यांना तसे वाटू दिले.

आमचे शिक्षण म्युनिसिपल शाळेत, मराठीत. कॉलेजात सगळे इंग्रजी. सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे काय, तर एका पुडीत पांढरी किंवा रंगीत पूड देतात आणि त्यात कोणकोणते पदार्थ आहेत ते तुम्ही शोधायचे. धन मूलके कोणती, ऋण मूलके कोणती. हे करण्यासाठी जवळ एक बर्नर, लाकडी घोडीवर बारा परीक्षानळ्या आणि बाटल्यांची रांग. फुटलेल्या नळीचे पैसे डिपॉझिटमधून कापत. म्हणून पहिले दोन महिने आम्ही रसायनापेक्षा काचेलाच जास्त घाबरलो.

वहीत तीन रकाने: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. सरांचा नियम असा, की मधला रकाना भरल्याशिवाय तिसऱ्यात पेन न्यायचे नाही. सोपे वाटते ना? वाचकहो, याच्याइतके अवघड काही नाही. द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकले, पांढरे दिसले, की हात आपोआप लिहितो: "क्लोराइड आले." सर लाल पेनने ते खोडीत. "क्लोराइड तुम्हाला दिसले? कसे असते ते? तुम्हाला पांढरा साका दिसला. तेवढेच लिहा. पातळ की घट्ट, दह्यासारखा की पिठासारखा, अमोनियात विरघळला की नाही, ते लिहा. क्लोराइड मागाहून."

साका म्हणजे दोन स्वच्छ द्रावणे एकत्र केली की तळाशी बसते ते. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. त्या साक्याच्या वर्णनासाठी इंग्रजीत जे शब्द होते, ते आम्हाला येत नव्हते. 'कर्डी' म्हणजे काय हे शब्दकोशात पाहिले, तर दही निघाले! सिल्व्हर क्लोराइडचा साका खरेच फाटलेल्या दह्यासारखा असतो, हे एकदा कळल्यावर पाठ करावे लागले नाही. 'जिलेटिनस' हा शब्द शब्दकोशातूनही कळला नाही. मग ॲल्युमिनियमचा साका नळीत पाहिला आणि दोघी एकदम म्हणालो, "खळ!" कपड्याला घालायची पातळ खळ, तशीच अर्धवट पारदर्शक, हलवली की लोंबणारी.

एक शब्द मात्र कधीच जुळला नाही. मँगनीज सल्फाइडच्या साक्याचा रंग पुस्तकात 'मांसाच्या रंगाचा, कातडीच्या रंगाचा' असा दिला होता. आम्ही आपापल्या हाताकडे पाहिले. नळीत फिकट गुलाबीसर काहीतरी, आणि हात तर चांगले काळेसावळे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आपला हात पुढे केला. तिचा गोरा, तोही जुळेना. शेवटी उलगडा झाला की पुस्तक साहेबाचे, कातडीही साहेबाची. सर म्हणाले, फिकट बदामी लिहा.

मूलकांचे गट असतात आणि त्यांना एका ठराविक क्रमाने बाहेर काढायचे असते. आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकायचे. त्यात शिसे, चांदी आणि पाऱ्याचा एक प्रकार खाली बसतो. शिशाचे क्लोराइड उकळत्या पाण्यात विरघळते आणि गार होताना सुयांसारखे परत येते. त्यात पोटॅशियम आयोडाइड टाकून, तापवून, हळूहळू गार केले तर नळीत सोनेरी चकत्या झगमगू लागतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा आमचा अख्खा तास त्याच्यात गेला. गाळून उरलेल्या आम्ल द्रावणात तो वासाचा वायू सोडायचा, की तांबे, कॅडमियम, बिस्मथ वगैरे दुसरा गट सल्फाइड होऊन बसतो. मग तो वायू उकळून पूर्ण घालवायचा, लोखंड असले तर नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून त्याचे रूप बदलून घ्यायचे, आधी अमोनियम क्लोराइड आणि मगच अमोनिया. तिथे लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोमियम. पुन्हा तोच वायू, पण आता अमोनियाच्या द्रावणात, तेव्हा जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट. त्यानंतर अमोनियम कार्बोनेट घालून बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम. अगदी शेवटी मॅग्नेशियम उरते, आणि तेही काचेच्या कांडीने नळीच्या आतल्या बाजूला खरवडल्याशिवाय बाहेर यायला तयार नसते.

यात क्रम चुकला तर सगळे चुकते. अमोनियम क्लोराइड आधी कशाला, असे आम्हाला वाटे. एकदा ते न घालताच अमोनिया ओतला, तर शेवटच्या रांगेतले मॅग्नेशियम तिसऱ्याच गटात पांढरे होऊन बसले आणि आम्ही वहीत ॲल्युमिनियम लिहून मोकळ्या! अमोनियम क्लोराइड घातले की अमोनियाचा जोर कमी होतो, आणि त्या कमी जोरात फक्त सहज बसणारेच खाली बसतात. हे आयनांचे गणित थिअरीच्या तासाला फळ्यावर होते, पण डोक्यात शिरले ते त्या चुकीने.

ही गटांची वाट पक्की करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस. त्याचे पुस्तक १८४१ सालचे. आमच्या कपड्यांना वास लावणारे ते तीन फुग्यांचे काचेचे यंत्र डेल्फ्टच्या किप याने १८४४ च्या सुमारास काढले. मधल्या फुग्यात लोखंडाच्या सल्फाइडचे काळे तुकडे, वरून आम्ल. तोटी उघडली की आम्ल तुकड्यांना भिडते आणि वायू निघतो. तोटी बंद केली की वायूच आम्लाला मागे ढकलतो आणि काम आपोआप थांबते. वीज नाही, चाक नाही. गिरणीत जन्म गेलेल्या आमच्या वडिलांना आम्ही वहीतली आकृती दाखवली, तेव्हा ते बराच वेळ बोट फिरवत बसले होते.

आमचे इंग्रजी कच्चे, पण एका गोष्टीत आम्ही वर्गाच्या पुढे होतो, हे कळायला एक वर्ष लागले. कोरडी पूड नळीत तापवायची असते. एकदा सरांनी सगळ्यांसमोर एक पांढरी पूड तापवली. दाट पांढरा धूर निघाला आणि नळीच्या वरच्या थंड भागात पांढरा थर बसला. "काय असेल?" धाकटीच्या तोंडून निघून गेले, "नवसागर!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कशावरून?" ती म्हणाली, "कल्हईवाला, सर." आमच्या चाळीच्या चौकात कल्हईवाला येई. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकी, भसकन पांढरा धूर उठे, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसून काढी, की पातेले आरसा. तो धूर आम्ही लहानपणापासून नाकात भरून घेतला होता. नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड. तापल्यावर तो फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू होतो, आणि तो वायू तांब्या-पितळेवरचा गंज खाऊन टाकतो. म्हणून कथील धरते.

त्या दिवसापासून आम्ही बाजारातली नावे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लागलो. तुरटी, मोरचूद, हिराकस, टाकणखार, सोरा, हिंगूळ, हरताळ. सुट्टीत गावी गेलो की आजीला विचारायचो. आजी पावसाळ्यात नदीच्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची. आम्ही तिला सांगितले, आजी, तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात खळीसारखे सुटते आणि गाळाला कवटाळून खाली बसते. आमच्या नळीत तिसऱ्या गटाला बसतो तो साका आणि तुझ्या हंड्यातला एकच. आजी म्हणाली, "मग इतकी फी कशापायी भरताय?"

हरताळाची गंमत निराळी. एखाद्या गोष्टीवर हरताळ फासला असे आपण म्हणतो, म्हणजे ती पुसून टाकली. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हा पिवळा रंग फासून ते झाकत, त्यावरून हा वाक्प्रचार आला. तो पिवळा रंग म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड, चांगलेच विषारी. दुसऱ्या गटात वायू सोडल्यावर पिवळा साका आला तर तो कॅडमियमचा असू शकतो, आर्सेनिकचाही. डोळ्यांना दोन्ही पिवळे. पिवळ्या अमोनियम सल्फाइडमध्ये टाकले की आर्सेनिकचा विरघळतो, कॅडमियमचा तसाच राहतो. आणि हिंगूळ! बाजारातला हिंगूळ लालभडक. तोच पाऱ्याचा सल्फाइड नळीत तयार केला तर आधी पांढरा, मग पिवळा, तपकिरी होत होत शेवटी काळा. पदार्थ एक आणि रंग दोन. तेव्हापासून नुसत्या रंगावर विसंबायचे आम्ही सोडले.

एका रंगावर मात्र आमचा जीव होता. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया ओतत गेले की आधी फिकट निळसर साका येतो. आणखी ओतला की तो विरघळतो आणि सगळी नळी गर्द निळी होते. १४ एप्रिलला चाळीवर जे झेंडे लागतात तो निळा. तांबे सापडले की आम्ही तो प्रयोग गरज नसताना दोनदा करायचो.

आता चंबूची गोष्ट. साका धुवायला पाण्याची बारीक धार लागते. दाबायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत मागाहून आल्या. आमच्या वेळी काचेचा चंबू, त्याच्या बुचातून दोन नळ्या. एकीत तोंडाने फुंकायचे, दुसरीतून धार निघे. चौघींत एक चंबू. घरी हे सांगितले तेव्हा बाबांनी जेवताना हात थांबवला. "तोंडानं फुंकायचं? आणि मग तोच दुसरी फुंकते?" हो. "चौघी कोण कोण?" आम्ही बाकी दोघींची आडनावे सांगितली. बाबा काही बोलले नाहीत, पण हसले.

आमचे आजोबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण असे, की धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, तेव्हा बाटेल! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला होता. आजोबा ती हकिगत मरेपर्यंत सांगत. त्या रात्री बाबा एवढेच म्हणाले, "तुमचा आजा आज पायजे होता."

सरांनी एकदा प्रफुल्लचंद्र राय यांची गोष्ट सांगितली होती, ती इथे सांगायला हवी. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पाऱ्यावर पातळ नायट्रिक ॲसिड घालून ठेवीत होते. त्यांना हवा होता एक पदार्थ, पण पाऱ्यावर पिवळे स्फटिक दिसले. नेहमीचाच एक क्षार असेल असे त्यांना आधी वाटले. पण इतक्या आम्लात तो क्षार बनायला नको होता. मग त्यांनी त्या पिवळ्या कणांवर आम्ही करतो तशाच साध्या परीक्षा केल्या, आणि तो मर्क्युरस नायट्राइट निघाला. १८९६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. सर म्हणत, "पिवळे दिसले तेव्हा त्यांनी मधल्या रकान्यात पिवळेच लिहिले, बाकी काही नाही."

१९८२ साल उजाडले. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा घरी बसले. आमची तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर. आई गोधड्या शिवायला लागली. आम्ही चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होतो.

आता जे सांगतो ते इतकी वर्षे चाळीत कुणाला सांगितले नाही. परीक्षेत कोणत्या नंबरच्या पुडीत काय आहे हे पैसे दिले की कळते, असे मुले म्हणत. कोणत्या कॉलेजात आणि कुणाकडून, ते राहू दे. अशा गोष्टी तेव्हा पुष्कळ ठिकाणी चालत. दर एका पुडीला वीस रुपये. दोघींचे चाळीस म्हणजे शिकवण्यांचा महिना. आम्ही दोन रात्री भांडलो. नापास झालो तर वर्ष जाईल, वर्ष गेले तर संपाच्या दिवसांत पुन्हा फी कोण भरेल, आणि नोकरी कधी लागेल? आम्ही पैसे दिले. दोघींनी दिले. एकीने मन वळवले आणि दुसरी वळली असे काही नाही. दोन्ही हात एकदमच पुढे झाले.

सकाळी पुड्या मिळाल्या आणि थोड्या वेळाने चिठ्ठ्या. आमच्यापैकी एकीची चिठ्ठी म्हणत होती: अमोनियम, बेरियम, क्लोराइड, नायट्रेट. तिने तापवून पाहिले, पांढरा धूर, कल्हईवाला. अमोनियम बरोबर, क्लोराइडही बरोबर. चिठ्ठीवर विश्वास बसला. तार आम्लात बुडवून ज्योतीत धरली. बेरियमची ज्योत पोपटी हिरवी असते. तिला सगळी पिवळीच दिसली, मध्ये क्षणभर लाल. सोडियमचा अंश सगळीकडे असतो आणि तो बाकीचे रंग झाकतो, म्हणून तिने मनाची समजूत घातली. पुढे पाचव्या गटाचा साका ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवून पोटॅशियम क्रोमेट टाकले. बेरियम असेल तर पिवळा साका येतो. तिला पिवळे दिसले. तिने मधल्या रकान्यात "पिवळा साका" लिहिले आणि तिसऱ्यात "बेरियम".

पण क्रोमेटचे पाणी मुळातच पिवळे असते. ते गाळायला लावले आणि वाट पाहिली. पाणी खाली गेले, गाळणकागद वर राहिला. त्यावर काहीच नव्हते. नुसता पिवळसर ओला कागद. तिने तो उजेडात धरला, उलटा केला, कांडीने खरवडला. काही नाही. जे नव्हते ते तिने पाहिले होते, कारण चिठ्ठीत तसे लिहिले होते.

तिने पान खोडले. तार पुन्हा पुन्हा आम्लात बुडवून, ज्योत बिनरंगी होईपर्यंत जाळून साफ केली. मग ज्योत किरमिजी लाल आली. उरलेल्या द्रावणात अमोनियम सल्फेट घालून गरम केले, कांडीने घासले, तेव्हा पांढरा साका बसला. स्ट्रॉन्शियम. बेरियम नायट्रेट आणि स्ट्रॉन्शियम नायट्रेट यांच्या बाटल्या कपाटात शेजारीशेजारी असतात. चिठ्ठी देणाऱ्याची नजर बहुधा एक बाटली चुकली.

इथे गोष्ट संपली असती तर छापायला बरी दिसली असती. पण ती आता चिठ्ठीवर इतकी चिडली होती, की चिठ्ठीतल्या नायट्रेटवरही तिचा विश्वास उडाला. आपण स्वतः पाहू म्हणाली. त्या परीक्षेत नळीतल्या द्रावणात ताजे हिराकसाचे पाणी घालून, नळी तिरकी धरून, कडेकडेने गंधकाचे तेजाब सोडायचे असते. दोन थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडे उमटते. वेळ कमी होता, हात थरथरत होता, तेजाब धबकन पडले, थर मिसळले, नळी तापली. कडे आले नाही. दुसऱ्यांदा करायच्या आत घंटा झाली. तिने लिहिले: "कडे दिसले नाही." आणि त्यापुढे: "दुसरे ऋण मूलक आढळले नाही." नायट्रेट पुडीत होतेच. त्याचे गुण गेले.

दुसरीची चिठ्ठी अक्षर न् अक्षर खरी होती. तिने अर्धे प्रयोग केलेच नाहीत, उत्तरावरून मागे जात निरीक्षणे लिहिली आणि पुरे गुण घेतले. त्या दोघींतली कोण कोणती, हे आम्ही सांगणार नाही. घरातही तसेच ठरले आहे. एवढे सांगतो, की जिचे गुण गेले तिला त्या पुडीतला प्रत्येक थेंब आज त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांनी आठवतो. जिला पुरे मिळाले, तिला आपल्या पुडीत काय होते ते आठवत नाही. खूप प्रयत्न केला. नाहीच आठवत.

दोघी पास झालो. एक ठाण्याच्या बाजूला औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, दुसरी शाळेत शास्त्र शिकवू लागली. कारखान्यात त्याच जुन्या परीक्षा निराळ्या कामाला आल्या. औषधात क्लोराइड ठरल्यापेक्षा जास्त आहे का हे पाहायला दोन सारखे उंच काचेचे पेले घ्यायचे. एकात औषध, दुसऱ्यात ठरलेले प्रमाण, दोन्हींत सिल्व्हर नायट्रेट. मग काळ्या कागदावर ठेवून वरून पाहायचे, कोणता जास्त गढुळला. पुढे यंत्रे आली. शिसे किती, आर्सेनिक किती, ते आकड्यात सांगतात, आणि आमच्या नळीत कधीच दिसले नसते इतके सूक्ष्म असले तरी सांगतात. पिण्याच्या पाण्यातले विष शोधायला यंत्रच हवे, नळी पुरत नाही. जुने ते सगळे सोने असे आम्ही म्हणणार नाही. तो वायू तर मुलांच्या नाकापासून जितका लांब राहील तितके बरे.

काकांचे राहिलेच. दुसऱ्या वर्षी आम्ही सरांना विचारून गाळणकागदाच्या काही पट्ट्या लेड ॲसिटेटच्या पाण्यात बुडवून वाळवल्या आणि घरी आणल्या. ओली पट्टी त्या वायूत धरली की काळी पडते. काकांना दाखवले, म्हटले, दोरीला बांधून आधी खाली सोडा. काळी झाली तर उतरू नका. काकांनी पट्टी बोटांत धरून पाहिली. "काळी तर व्हनारच," म्हणाले. "उतरू नका असं मुकादमाला कोन सांगनार?" तरी त्यांनी पट्ट्या बंडीच्या खिशात ठेवल्या. काही दिवसांनी एक काळीकुट्ट पट्टी आणून आमच्या हातावर ठेवली. "उतरलात का?" आम्ही विचारले. काकांनी विडी पेटवली. ती पट्टी आमच्या जर्नलमध्ये चिकटवलेली होती. खाली तारीख आणि मधल्या रकान्यात एक शब्द: काळी. तिसरा रकाना आम्ही भरला नाही.

ते जर्नल गेल्या दिवाळीत माळ्यावरून काढले, कारण धाकटीची नात यंदा बारावीला आहे. तिच्याही प्रॅक्टिकलला एक धन, एक ऋण असे सॉल्ट असते. परवा स्वयंपाकघरात तिने तुरटीच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी ओतले. बुडबुडे आले, पांढरे काहीतरी लोंबू लागले. मोबाइलमध्ये बघून तिने सांगितले, "ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड."

"आधी काय दिसतंय ते सांग," थोरली म्हणाली.

"पांढरं."

"कसं पांढरं?"

ती पेला हातात घेऊन खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.